टोपलीतली वचनं

१ जानेवारी, बुधवार

झालं एकदाचं वाटप! टोपली फिरली, सगळ्यांनी हात घालून आपापली चिठ्ठी उचलली, डोळे मिटून छातीशी धरली, मग उघडून वाचली. कुणी रडलं, कुणी हसलं, कुणी शेजारणीच्या चिठ्ठीत डोकावून आपलीच बरी म्हणून खूश झालं. आणि मी समोर उभी — पांढरा झगा, तोंडावर ते गोड-गोड हसू! शी!

वर्षभराचं वचन म्हणे. देवानं ज्याच्या त्याच्यासाठी राखून ठेवलेलं. अन् लिहितं कोण? मी! परवा दुपारी, स्वयंपाकघरात, एकीकडे तुरीच्या डाळीचा कुकर, दुसरीकडे उघडं पवित्र शास्त्र. शिट्ट्या ऐकत-ऐकत उतरवायचं. तेही वेचून-वेचून. शाप नको, न्याय नको, दुष्काळ तर नकोच. असलं काही निघालं की लोक चिठ्ठी गुपचूप परत टाकतात अन् दुसरी उचलतात, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून सगळं गुळगुळीत लिहायचं — संतती, भरलेली कोठारं, लांब आयुष्य. पेढे वळल्यासारखी वळते मी वचनं.

ही प्रथा माझी नव्हे, माझ्या आधीच्या पाळकांची. हिमायतनगरहून बदलून इथे शिरूर अनंतपाळला आले तेव्हा चर्चच्या पंचांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, बाकी काहीबी करा, टोपली बंद करू नका." वर्षभर ज्यांचं तोंड दिसत नाही ते एक तारखेला लेकराबाळांसकट हजर. पत्र्याच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आज. येत्या रविवारी बघावं — मी अन् पंखे!

व्यंकटी मास्तर, आमच्या पंचांचे म्होरके, चिठ्ठी नाचवत आले. "बघा बाई, देव कसा नेमकं बोलतो!" शत्रूंची तोंडं बंद होतील अशा अर्थाचं निघालं होतं त्यांना. भावकीशी कोर्टात भांडून राहिलेत ना! दोघा भावांनी एकाच टोपलीतून उचललं असतं तर देवानं कुणाचं तोंड बंद केलं असतं, विचारावंसं वाटलं. हसले.

पुनमला — रिक्षावाल्या भुजंगची बायको, घरी ब्लाऊज शिवते, बायकांच्या प्रार्थनेत सगळ्यांच्या मागे बसते — तिला निघालं मरण नाही, जगणंच आहे, अशा अर्थाचं. ती लई रडली. हुंदके देऊन. मी पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या माणसाकडे टोपली सरकवली.

४ जानेवारी, शनिवार

कामून रडली ते कळलं.

पुनमच्या सासूबाई सिंधुमावशी आल्या होत्या, पदराखाली ज्वारीच्या भाकरी घेऊन. चेहरा असा फुललेला! म्हटलं, काय झालं? तर — पुनमच्या छातीत गाठ आहे. लातूरच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. वाईट गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, काढून टाकू, मग काही महिने औषध. तीन फेब्रुवारीला भरती व्हायचं ठरलेलं. डिसेंबरभर घरात कुणी धड जेवलं नाही, मावशींनी सांगितलं. मला पत्ता नाही! दर शुक्रवारी त्यांच्या घरी प्रार्थना घेते मी — चहा पिते, प्रार्थना करते, उठते.

"पन आता घोर मिटला बगा," मावशी म्हणाल्या. "वचन आलं नं. आता कशाला कापाकापी?"

म्हटलं, "मावशी, वचन म्हणजे तसं नसतं."

"मग कसं असतं?"

एवढी शिकले, तीन वर्षं धर्मशास्त्राच्या पोथ्या घोकल्या, अन् भाकरी घेऊन आलेल्या म्हातारीला सांगता येईना वचन कसं असतं ते! "तुमी परीक्षा बघताव माजी," असं म्हणून हसत-हसत गेल्या.

भाकरी तशाच आहेत.

५ जानेवारी, रविवार

मी अन् पंखे — म्हटलं होतंच. पण भुजंगचं सगळं घर होतं. त्यानं उठून बायको बरी झाली म्हणून, चंगाईबद्दल आभार मानले. मी "आमेन" म्हटलं. मोठ्यानं.

७ जानेवारी, मंगळवार

गेले शेवटी त्यांच्या घरी. ठरवून गेले होते की आज स्पष्ट बोलायचं. तर व्यंकटी मास्तर आधीच खुर्चीत ठाण मांडून! कुणाच्या घरात काय चाललंय हे ह्या माणसाला वासानंच कळतं.

मी म्हटलं, दवाखान्यात जायला हवं, देव डॉक्टरांच्या हातूनही काम करतो. हे वाक्य आम्हाला पाठच असतं. माझ्याच तोंडून ऐकताना बेचव लागलं.

मास्तर म्हणाले, "बाई, तुमी पाळक असून डॉक्टरची वकिली करून राहिलाव? मग वचन कशाला वाटलं?"

भुजंग खाली मान घालून म्हणाला, "मला तर लई इच्छा होती न्यायची. पन आता नेलं म्हंजी अविश्वास झाला नं. उद्या काही कमी-जास्त झालं तर लोक मलाच म्हनतील, वचन असून नेलं." — म्हणजे बायको जगते की मरते ह्यापेक्षा दोष कुणाच्या माथी येतो त्याची फिकीर! अन् मी तरी कुठली निराळी?

पुनम मला दारापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "मला कापायचं भ्याव न्हाई, बाई. बाळंतपनात कापलंच की. पन देव एवडं बोलला, अन् मी तरीबी गेले, तर त्याला कसं वाटंल?"

देवाला कसं वाटेल! मला काय ठाऊक देवाला कसं वाटतं? कुकरच्या वाफेत मी ते वचन लिहिलं तेव्हा त्यानंच माझा हात धरला होता का? असेलही. कोण सांगणार! मलाही कधी कधी खरंच तसं वाटतं — हीच तर गंमत आहे. पण असलं तर असलं. नसलं तर ही बाई मरेल. अन् तिची लेक सृष्टी चौथीत आहे.

रस्त्यानं येताना स्वतःशी मोठ्यानं बोलत होते. पानपट्टीवाली पोरं हसली.

१० जानेवारी, शुक्रवार

अधीक्षक साहेबांना नांदेडला फोन लावला. ह्या भागातल्या सगळ्या पाळकांचे वरिष्ठ, तीस वर्षांची सेवा. म्हटलं, निदान हे तरी काही सांगतील. सगळं ऐकून घेतलं. मग — "नाजूक आहे. सांभाळून घ्या. मंडळीचा विश्वास दुखावता कामा नये. मी प्रार्थनेत ठेवतो."

प्रार्थनेत ठेवतो! म्हणजे कपाटात ठेवतो. ही आमची सरकारी भाषा. मी स्वतः किती जणांना ठेवलंय असं प्रार्थनेत, मोजदाद नाही.

फोन ठेवता-ठेवता म्हणाले, "मार्चात बदल्या आहेत, लक्षात असू द्या. तुमचं नाव लातूरसाठी चाललंय." ऐकून क्षणभर बरं वाटलं! त्या क्षणाची एवढी घाण वाटली मला, की उठून चूळ भरली.

१२ जानेवारी, रविवार

उपदेश केला. विश्वासावर. कुणाला काही कळलं नाही, मलाही नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारच्या काकूंनी तीळगूळ आणून दिला, गोड बोला म्हणाल्या. आणखी किती गोड बोलू, काकू?

डोक्यात एक घाणेरडा विचार आलाय. लिहून ठेवायचीही लाज वाटते.

१६ जानेवारी, गुरुवार

केलं.

दुपारी दार लावून बसले. तशाच चिठ्ठ्या, तशीच निळी शाई. सगळ्यांवर एकच वचन — ऊठ, भिऊ नकोस, जा, मी तुझ्याबरोबर चालतो, अशा अर्थाचं. पुनमच्या हाताला कुठली लागेल काय माहीत, म्हणून सगळ्या सारख्याच. उद्या त्यांच्याकडे प्रार्थना आहे. म्हणेन, पुनम, मनात किंतु आहे ना, मग पुन्हा एकदा देवाला विचारू. ती उचलेल. तिला जा असं निघेल. ती जाईल. वाचेल.

सोपं! जत्रेत हातचलाखीचा डाव मांडणारा सोंगट्यावाला असंच करतो. त्याला पोलीस धरतात, मला लोक पाया पडतात.

पण बाई तर वाचेल ना? मग चूक काय? सांग ना, चूक काय! (कुणाला विचारून राहिले मी? कागदाला!)

१७ जानेवारी, शुक्रवार

प्रार्थना झाली. मी टोपली काढली. पुनमकडे केली. म्हटलं, तूच उचल. तर सिंधुमावशी पुढं सरसावल्या, "थांब गं, आदी मला बगू दे, सासूचं काय म्हनतोय देव!" आणि घातला हात! मी टोपली मागं ओढतेय तोवर भुजंगनंही एक उचलली. मग पुनमनं. मग दारात उभ्या शेजारणीनं! अगं बाई, मला कळायला नको होतं? ह्या गावात कुणाला कशाचा प्रसाद एकट्यानं घेऊ देतात का? लग्नाची मुलगी बघायला अख्खी गल्ली जाते, अन् मी समजत होते पुनम एकटी चिठ्ठी उचलेल! एवढी हुशार मी!

मावशींनी शेजारणीकडून वाचून घेतली. मग भुजंगनं आपली वाचली. मग पुनमनं. तेच. तेच. तेच.

वाटलं, संपलं. आता टोपली उपडी करतील, अन् माझं थोबाड!

मग सिंधुमावशी जमिनीवर बसल्या अन् मोठ्यानं ओरडल्या, "देवा! अरे देवा! समद्यांला एकच!" भुजंग गुडघ्यावर. शेजारीण गल्लीत पळाली. दहा मिनिटांत अंगणात माणसं मावेनात. चमत्कार! साऱ्या घराला एकच वचन! पुनम माझ्याकडे बघून रडत म्हणाली, "जाते बाई मी. आता जाते." 

एकाही माणसाच्या मनात आलं नाही — एकाही! — की टोपलीत बाकी काय आहे ते बघावं. मी ती पोटाशी धरून घरी आले, चोर पळतो तशी.

जिंकले की मी.

१९ जानेवारी, रविवार

चर्च भरलं! टोपलीशिवाय भरलं! सिंधुमावशींनी साक्ष दिली. साक्षीत वारा सुटला होता, दिवा विझून परत लागला होता, अन् माझ्या तोंडावर उजेड पडला होता. दुपारचे चार वाजले होते, उजेड पडणारच!

व्यंकटी मास्तरांनी माझे हात हातात घेतले. "बाई, तुमच्यावर देवाचा अभिषेक हाय." ह्याच माणसानं मी आले तेव्हा बाईमाणूस पाळक नको म्हणून नांदेडला अर्ज धाडला होता.

२२ जानेवारी, बुधवार

लोक येऊन राहिलेत. बोअर कुठं मारू — टोपली काढा. पोरीला उदगीरचं स्थळ आलंय — टोपली काढा. तलाठ्याच्या परीक्षेला बसू का! एकानं तर म्हैस विकू का विचारलं. मी म्हटलं, म्हशीला विचारा. तर तो मान डोलावून विचारच करायला लागला.

म्हणजे मी तोंडाला येईल ते बोलावं, अन् त्यातही ह्यांना देव दिसावा! माणसांचा वीट आला मला. अन् ज्यांचा वीट आला त्यांच्यासाठी रोज सकाळी गुडघे टेकायचे.

२४ जानेवारी, शुक्रवार

अधीक्षक साहेबांचा फोन. आवाजात साखर. "ऐकलं मी! आपल्या भागात प्रभू केवढं काम करतोय! त्या बहिणीचं ऑपरेशन होऊन येऊ द्या, मग नांदेडला मोठी सभा ठेवू. तुम्ही टोपली घेऊन या."

मी म्हटलं, "साहेब, मला थोडं बोलायचं होतं त्याबद्दल."

"सभेत बोला की!"

२८ जानेवारी, मंगळवार

पुनम आली. एकटी. माझा ब्लाऊज शिवून आणला होता, सांगितला नसताना. मापाला तंतोतंत. बसली, पाणी प्याली. खुशीत होती. म्हणाली, सोमवारी सकाळच्या गाडीनं निघणार. सृष्टीला काही सांगितलं नाही. "कशाला रडवायचं तिला? परत तर येनारच हाय." 

मी म्हटलं, बरं.

मग म्हणाली, "अन् बाई, ते नंतरचं औषध हाय नं, केस जातेत म्हनं त्यानं. ते काय मी घेनार न्हाई. जा म्हनलाय देव, तर जाऊन येते. गाठ गेली की झालं. देव संगं असल्यावर औषध कशाला?"

हं! झालं! एक खोटं सांगून तिला दारापर्यंत नेलं, आता आतल्या खोलीसाठी दुसरं सांगा. मग तिसरं. औषधाची वेगळी टोपली! दर महिन्याला एक! नि कधीतरी हिला काही झालंच, तर तिनं मरताना काय समजायचं? की देव खोटं बोलला?

तिनं सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "मला काय होनार न्हाई नं बाई? तुमाला तर कळतं."

मी म्हटलं, "नाही होणार."

नवा ब्लाऊज खुंटीला टांगलाय. बघवत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

हिशेब सरळ आहे. सोमवारपर्यंत तोंड बंद ठेवलं तर पुनम दवाखान्यात पोचते. उघडलं तर घरीच राहते. कुठलाही शहाणा माणूस तोंड बंद ठेवेल.

सकाळपासून प्रार्थना करायचा प्रयत्न केला. शब्दच येईनात. समोरून कुणी उत्तर देत नाही, हे पूर्वीही कळायचं, पण पूर्वी मी दोन्हीकडचं बोलून घ्यायची.

२ फेब्रुवारी, रविवार

घाणच घाण. क्रमानं लिहिते, नाही तर डोकं फुटेल.

उपासना संपत आली होती. आज गप्पच बसायचं ठरवलं होतं मी, देवाशप्पथ! पुनमला आशीर्वाद द्यायचा अन् सोडायचं. तेवढ्यात व्यंकटी मास्तर उभे राहिले. "आज पाहुने आलेत. बाई, टोपली काढा." आणि स्वतःच आत जाऊन माझ्या कपाटावरची टोपली घेऊन आले! तीच, सारख्या चिठ्ठ्यांची!

पाहुणे म्हणजे ईश्वरप्पा, बाजारात किराणा दुकान आहे त्यांचं. आमच्यातले नाहीत, गळ्यात लिंग आहे. पण चमत्काराचा गवगवा त्यांच्यापर्यंतही गेलेला. साखरेचा आजार. पायाला जखम, फडकं बांधलेलं, वास येत होता. हात जोडून म्हणाले, "आम्मा, पोटात सुई टोचून टोचून बेजार झालो. देव म्हनत असंल तर आजपासून बंद करतो." अन् डोळे मिटून टोपलीत हात घातला.

मी तो हात धरला. टोपली हिसकली. उपडी केली, सगळ्यांच्या समोर, भुईवर.

म्हटलं, "वाचा. सगळ्या वाचा. सगळ्या सारख्याच आहेत. मी लिहिल्यात. पुनमनं दवाखान्यात जावं म्हणून मी केलेली लबाडी आहे ही. अन् एक तारखेच्याही मीच लिहिते. दर वर्षी. तुम्हाला आवडतील अशा."

मग मावशी उठल्या. "मग माज्या हाताला आलं ते काय हुतं?"

"मी लिहिलेलं, मावशी."

"अन् पुनम जगनार म्हनून आलेलं?"

"तेही मीच. ती जगेल का, मला ठाऊक नाही. तिनं जावं असं मला फार वाटतं. पण देव काय म्हणतो ते मला ठाऊक नाही. ईश्वरप्पांच्या पायाचंही नाही. कुणाचंच नाही."

"थू!" मावशी म्हणाल्या. अन् खरंच थुंकल्या. माझ्या पायापाशी. चर्चमध्ये.

मग सगळे एकदम. कुणी ढोंगी म्हटलं, कुणी नाटकी. मागून एक आवाज आला, "बाईच्या हातून देवानंच लिवून घेतलं असंल!" — त्याच्याकडे बघून तर मला रडूच फुटलं. ईश्वरप्पांनी तेवढं शांतपणे विचारलं, "मग सुई चालू ठेवू नं, आम्मा?" म्हटलं, "ठेवा. पायही दाखवा डॉक्टरला." "बरं," म्हणाले अन् लंगडत गेले.

भुजंग ओरडला, "उद्याचं लातूर बंद! कोनी न्हाई जायाचं!" पुनमनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सृष्टीचा हात धरला अन् निघून गेली.

पंचांनी लगेच बाहेर चिंचेखाली बैठक घेतली. पाळक बदलून पाहिजे. मास्तर स्वतः सांगायला आले, तोंडावर दुःख अन् डोळ्यांत काय तो आनंद! दुपारी साहेबांचा फोन. साखर गेलेली. "एक दिवस थांबता आलं नाही तुम्हाला? फक्त एक दिवस? ती बाई भरती झाली असती, मग सांगायचं होतं काय ते!"

खोटं कशाला बोलू, त्यांचंच बरोबर आहे. एक दिवस! ईश्वरप्पांचा हात बाजूला करून, उद्या या म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण नाही! मला माझी घाण सहन होईना, म्हणून ती सगळ्यांसमोर ओतून मोकळी झाले. स्वतः स्वच्छ व्हायला बघितलं. अन् त्या नादात बाईचा जीव गेला तर ह्या खरेपणाचं काय लोणचं घालू?

संध्याकाळी गेले होते तिच्या दारापर्यंत. मावशींनी कडी लावून घेतली. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. हाका मारल्या. यंत्र थांबलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

उजाडताच दार वाजलं. वाटलं, पंच आले हाकलायला. उघडलं तर पुनम. एकटीच. हातात कपड्यांची पिशवी अन् दवाखान्याचे कागद.

म्हणाली, "घरात समद्यांला समदं ठाऊक हाय, बाई. मी मरनार न्हाई हे सासूला ठाऊक, आता कापलं की मरते हे नवऱ्याला ठाऊक. अन् संगं यायला कोनी तयार न्हाई. सृष्टीला रात्री खरं सांगितलं. मला काय ठाऊक न्हाई, म्हनलं. तुमालाबी न्हाई नं? मग तुमीच चला."

लातूरची गाडी सातची. निघते.